कारासाझची तिपाई

मेजवानीत पेला हातात घेऊन उभ्या राहिलेल्या पुरुषाला वेळीच खाली बसवणे हे पत्नीच्या मुख्य कर्तव्यांपैकी एक होय. रौशानने आपल्या संसारात हे कर्तव्य सहसा चुकवले नाही. परंतु त्या दिवशी तिच्यापुढे नुकतेच वाफाळत्या मटणाचे बेशबर्माक आले होते, आणि ते गार होऊ देणे हाही अपराधच. तेवढ्या अवधीत तिचे यजमान तोलेगेन ओस्पानोव उभे राहिले, त्यांनी घसा खाकरला, आणि सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांसमक्ष आपल्या विहिणीला एक शांत रस्ता देऊन टाकला.

विहीण म्हणजे बिबिगुल आपा. कारासाझच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या अंगणाची भिंत संपते तिथे अल्माटीहून उत्तरेला जाणारा हमरस्ता सुरू होतो. रात्रंदिवस ट्रक आणि मोटारी तेथून अशा सुसाट जातात, की त्या घरात मीठ मागायचे झाले तरी पलीकडच्या टेकडीवरचा घोडा हाकारावा तसे मागावे लागते. आपांनी त्या दिवशी तक्रार अशी केलीच नव्हती. त्या जातीच्या बायका तक्रार करत नाहीत, निरीक्षण नोंदवतात. त्या एवढेच म्हणाल्या, की या घरात आशीर्वादसुद्धा ओरडून द्यावा लागतो, आणि वर देवाला वाटत असेल की खाली भांडणे लागली आहेत.

यावर हसून गप्प बसणे शक्य होते. पण तोलेगेन हे रस्ते संशोधन संस्थेत ज्येष्ठ अभियंता, आणि डांबर या विषयावर बोलण्याची संधी मनुष्याला आयुष्यात किती वेळा मिळते? त्यांनी जाहीर केले, की खात्याने टायरचा आवाज पिऊन टाकणारे नवे डांबर या हमरस्त्याच्या एका पट्ट्यावर घालायचे ठरवले आहे. इथपर्यंत सर्व खरे होते. मग ते पुढे म्हणाले, "आणि तो पट्टा तुमच्या दारात नसला, विहीणबाई, तर मला व्याही म्हणू नका."

आमच्याकडे आईबापांना दिलेला शब्द मोडला तर माफ होतो, बायकोला दिलेला काळाच्या ओघात विसरला जातो, आणि सरकारला दिलेला मुळात दिलाच नव्हता असे सिद्ध करता येते. व्याह्यांना दिलेल्या शब्दाला अशी एकही पळवाट नाही. बिबिगुल आपांनी मान किंचित झुकवून शब्द स्वीकारला, आणि रौशानने हातातला घास ताटात परत ठेवला.

कारण पट्टा ठरवणे तोलेगेन यांच्या हाती नव्हतेच. ते होते एका संगणकाच्या हाती. संस्थेने परदेशातून आणलेली त्यातली आज्ञावली रस्त्याची, वाहनांची आणि वेगाची माहिती गिळून कोणाच्या दारात किती डेसिबल आवाज पोहोचतो ते सांगत असे. दोष इतकाच, की त्याच्या पोटातील आकडे परदेशी रस्त्यांवर परदेशी टायर फिरवून मिळवलेले होते. तिकडचे डांबर म्हणजे वधूची कांती. आमचे म्हणजे वरून खडी पेरलेले, उन्हाळ्यात वितळलेले आणि हिवाळ्यात तडकलेले. तिकडे हिवाळ्याचे खिळ्यांचे टायर वसंतात उतरवतात. आमच्याकडे ते फुटतात तेव्हा उतरतात. संगणकाच्या मते कारासाझ हे मध्यम आवाजाचे गाव होते, आणि डांबराचा मान दुसऱ्याच एका गावाला जात होता.

तोलेगेन बैठकीत उभे राहिले. (तिथे तर रौशान नव्हतीच.) त्यांनी समजावून सांगितले, की गाडी एकदा वेगात आली की आपल्या कानी येतो तो इंजिनाचा आवाज नसतो, तो टायर आणि रस्ता यांचा संवाद असतो. नवराबायकोच्या भांडणाप्रमाणे त्यात दोष कोणा एकाचा नसतो, आणि परक्या घरातल्या भांडणावरून आपल्या घरातले समजत नाही. आपले टायर, आपला रस्ता, आपणच मोजला पाहिजे. संचालक कुआनिश हे वयाने त्यांच्या मुलाएवढे. त्यांनी अदबीने ऐकून घेतले आणि म्हणाले, "मोजा ना, आगा. अडवलंय कोणी?"

सरकारी भाषेत या वाक्याचा अर्थ असा, की गाडी मिळणार नाही, माणूस मिळणार नाही, आणि पुढच्या बैठकीला आकडे नसले तर दोष तुमचा.

मोजणीसाठी एक विशिष्ट टायर लागतो. सगळ्या जगात तो एकाच नक्षीचा, म्हणजे कुठल्याही रस्त्याची तुलना कुठल्याही रस्त्याशी करता येते. तो संस्थेच्या भांडारात होता, आणि भांडारावर ल्युदमिला पेत्रोव्ना होत्या. त्यांचा नियम असा, की जुना टायर जमा केल्याशिवाय नवा मिळत नाही. या टायरला जुना भाऊच नाही, हे त्यांना पटेना. अखेरीस त्यांनी तो देण्याचे मान्य केले ते दोन अटींवर: मोजणी झाल्यावर तो न झिजलेल्या स्थितीत परत यावा, आणि तो फक्त संस्थेच्या वाहनालाच बसवावा. संस्थेला वाहन नव्हते. तेव्हा तोलेगेन यांनी स्वतःची पंधरा वर्षांची, मुलीसारखी जपलेली गाडी संस्थेला तात्पुरती अर्पण केली. त्याच संध्याकाळी त्यांना कळून चुकले, की ती आता घरी नेण्यासाठीही परवानगी लागते, आणि संस्थेचा नोकर नसलेल्या व्यक्तीला तीत बसता येत नाही. रौशान बाजारातून कलिंगडे हातात घेऊन चालत आली. त्या रात्री जेवायला फक्त कलिंगड होते.

पुढे मायक्रोफोन बसवणे आले. मागच्या उजव्या चाकाशेजारी, जिथे टायर रस्त्याला टेकतो तिथून वीतभर अंतरावर, लोखंडी पट्टीला दोन मायक्रोफोन अडकवायचे. हे काम राहत्या इमारतीच्या अंगणात चालले असल्यामुळे ते फार काळ एकट्याने करता आले नाही. शेजारचे ताइर, ज्यांनी सैन्यात असताना रणगाडे दुरुस्त केले होते आणि त्यामुळे जगातील सर्व यंत्रे ज्यांना रणगाड्याचे दुबळे नातेवाईक वाटत, ते स्टूल घेऊन येऊन बसले. त्यांचे मत पडले, की चाकाचा आवाज ऐकायला कशाला हवीत यंत्रे. स्क्रू ड्रायव्हरचे टोक चाकाला लावावे आणि मूठ कानाला. तोपर्यंत अंगणभर बातमी झाली होती, की तोलेगेन चाकांचे रोग ओळखणारे यंत्र बसवत आहेत. तिसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्याने आपली गाडी शेजारी आणून लावली आणि डावीकडून येणाऱ्या घरघरीबद्दल सल्ला मागितला. त्याच्यामागे रांग लागली. ज्याच्या गाडीचे निदान झाले नाही तो दुखावला. ज्याच्या झाले तो अधिकच दुखावला.

आणि नवी वस्तू म्हटल्यावर ती कोरडी कशी जाऊ द्यायची? तळमजल्यावरच्या आजीबाई पदरात शुभप्रसंगी उधळायचा शाशू घेऊन आल्या. त्यांनी शुभ शब्द उच्चारले आणि गाडीवर, मायक्रोफोनवर व तोलेगेन यांच्या टकलावर मूठमूठ गोळ्या आणि नाणी उधळली. मुलांनी ती टिपली. आजीबाईंनी ओंजळ उघडून आशीर्वाद दिला. चाकाजवळ अद्रास्पानची वाळकी जुडी बांधण्याचा त्यांचा आग्रह मात्र तोलेगेन यांनी विज्ञानाच्या नावाने मोडून काढला. दृष्ट काढण्याची ती जुडी मायक्रोफोनशेजारी वाऱ्याने खुळखुळत राहिली असती, आणि संगणकाने तो रस्त्याचाच आवाज मानला असता.

पहिल्या फेरीची ध्वनिफीत घरी ऐकली, तेव्हा कारासाझच्या रस्त्यातून टिकटिक येत होती. टायरच्या गर्जनेआड, घड्याळासारखी, अखंड. तोलेगेन यांनी प्रथम रस्त्याला दोष दिला, मग यंत्राला, मग चाकातल्या बेअरिंगला. ताइर यांनी स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून सांगितले, की रणगाड्यात असे होत नसे. चाक उतरवले, बेअरिंग बदलले, पुन्हा फेरी मारली, टिकटिक होतीच. अखेर टिकटिकीचे मूळ रौशानला दिसले. टायरच्या खाचेत आडवे रुतून बसलेले, शाशूतले वीस तेंगेचे नाणे तिने केसाच्या पिनेने काढले आणि नवऱ्याच्या तळहातावर ठेवले.

या कामात रौशान आली कशी, तेही सांगितले पाहिजे. मोजणीत गाडीवरचे वजन प्रत्येक फेरीला सारखेच असावे लागते. वाळूची पोती मागितल्यावर ल्युदमिला पेत्रोव्ना यांनी रिकामी पोती पुढे केली. तेव्हा तोलेगेन यांना सुचले, की नियमाने व्यक्तीला बसता येत नाही, वजनाला येते. रौशान मागच्या आसनावर 'वजन' म्हणून बसू लागली. तिने एक आकडा सांगितला. तोलेगेन यांनी शास्त्राच्या निष्ठेने तो दुरुस्त केला. हा संसार त्यानंतरही टिकला, यावरून त्याच्या पायाभरणीची कल्पना यावी. शिवाय दर फेरीच्या टोकाला बिबिगुल आपांचे घर होते, आणि आमच्याकडे व्याह्यांच्या दारावरून चहा न घेता जाणे म्हणजे थोबाडीत मारण्यासारखे. त्यामुळे हे वजन दर फेरीला तळलेले बाउरसाक खाऊन थोडे थोडे वाढत गेले.

तरीही चाकाजवळची मोजणी उत्तम झाली. आकड्यांनी तोलेगेन यांचे म्हणणे शिक्का मारल्यासारखे सिद्ध केले: कारासाझचा रस्ता संगणकाच्या समजुतीपेक्षा कितीतरी अधिक बोंबलत होता. आता राहिले होते एकच काम. चाकाजवळ जन्मलेला तो आवाज घरापर्यंत किती पोहोचतो, हे रस्त्याकडेला मायक्रोफोन उभा करून मोजायचे. एक दिवस वाहने नेहमीच्या वेगाने जाऊ द्यायची, एवढेच. यात चुकण्यासारखे काय आहे, असे ते रौशानला म्हणाले. ती भांडी आवरायला उठली, हे त्यांनी शुभचिन्ह मानले.

सकाळी त्यांनी आपांच्या भिंतीपुढे तीन पायांची तिपाई रोवली, तिच्यावर काळ्या स्पंजची टोपी घातलेला मायक्रोफोन चढवला, पेटीची कळ दाबली, आणि हात मागे बांधून उभे राहिले.

लांबून एक ट्रक गर्जत आला. तिपाई दिसताच त्याने असा ब्रेक मारला, की जणू पुढे त्याची सासू रस्ता ओलांडत होती. मग तो दबक्या पावलांनी, मांजरासारखा, तिपाईपुढून गेला, आणि पलीकडे पोहोचताच समोरून येणाऱ्या मोटारीला त्याने दोनदा दिवे दाखवले. मोटारही मांजर झाली. तिने पुढच्या बसला दिवे दाखवले.

आमच्या देशात हमरस्त्याकडेला तीन पायांवर उभे असलेले काळे डोके म्हणजे पोलिसांचा वेग मोजणारा कॅमेरा, हे दुधपित्या पोराला ठाऊक आहे. आणि तो दिसल्यावर समोरच्या अनोळखी माणसाला दिव्यांनी सावध करणे हा आमचा एकमेव असा धर्म आहे, ज्यात गरीबश्रीमंत, कझाक, रशियन, उइगुर असा भेद नाही. सख्ख्या भावाशी न बोलणारे लोकही तो पाळतात. जगातल्या कुठल्याही ग्रंथात तोलेगेन यांना ही अडचण वाचायला मिळाली नव्हती.

त्यांनी तिपाई झुडपाआड हलवली. पण तोवर वाहनचालकांच्या फोनवरील गटात संदेश फिरला होता, की कारासाझला कॅमेरा आहे आणि नीच लोकांनी तो झुडपात लपवला आहे. आता गाड्या पार पुलापासूनच हळू येऊ लागल्या. तेव्हा त्यांनी एका पुठ्ठ्यावर दोन्ही भाषांत ठळक लिहिले, की येथे फक्त आवाजाची मोजणी चालू आहे, कृपया नेहमीच्या वेगाने जावे. लोक पुठ्ठा वाचायला थांबू लागले. ज्यांनी वाचला त्यांची तर खात्रीच पटली की हा सापळा आहे, कारण सरकारने आजवर कोणाला जोरात जा म्हणून विनंती केली आहे?

एवढ्यात बिबिगुल आपांनी खुर्ची बाहेर आणवली. सोयरा उन्हात काम करत असताना आपण घरात बसावे, हे त्यांच्या शिस्तीत बसत नव्हते. पाठोपाठ बुटके मेज आले, किटली आली, बाउरसाकांचे ताट आले. हळू चाललेल्या गाडीतून रस्त्याकडेला बसलेली वडीलधारी स्त्री दिसल्यावर सलाम न करता पुढे जाणारा मनुष्य अजून आमच्याकडे जन्माला यायचा आहे. निम्मे चालक त्यांच्या शाळेत छड्या खाल्लेले निघाले. ते उतरले, त्यांनी आपांची विचारपूस केली, चहा घेतला. मायक्रोफोनवर त्या तासात जर काही ठळक उमटले असेल, तर ते म्हणजे कोणाच्या मुलीचे कुठे जमले.

दुपारी खरे पोलीस आले. हवालदार दौलेत हे रागाने लाल झालेले होते, कारण त्यांची स्वतःची तिपाई इथून पाच-सहा कोसांवर उभी होती आणि तिच्यापुढे आज एकही गाडी वेगात येत नव्हती. माझ्या हद्दीत ही दुसरी तिपाई कोणत्या खात्याची, असे त्यांनी दरडावून विचारले. तोलेगेन यांनी टायर आणि डांबर यांच्या संवादावर बोलायला सुरुवात केली. आपांनी फक्त चष्मा वर केला.

"दौलेत, टोपी काढून बस. आणि चहात साखर किती घेतोस ते सांग."

दौलेत बसले, आणि त्यांची निळ्या दिव्याची गाडी तिपाईशेजारी संध्याकाळपर्यंत उभी राहिली. त्यानंतर हमरस्त्यावर जे काही वाहत होते त्याला वाहतूक म्हणण्यापेक्षा अंत्ययात्रा म्हणणे योग्य झाले असते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करायचा म्हणून तोलेगेन मायक्रोफोन उतरवून घेऊन गेले. तिपाई आपांनी नेऊ दिली नाही. उद्या परत आणायचीच आहे तर ओझे कशाला, असे त्या म्हणाल्या. पण तो उद्या उजाडलाच नाही. बैठक अलीकडे ओढली गेली, ल्युदमिला पेत्रोव्ना यांनी सगळे साहित्य जप्त केले आणि टायरवरून नख फिरवून तो झिजल्याचे जाहीर केले, आणि संगणकाला त्या अंत्ययात्रेचे जे आकडे होते तेच भरवण्यात आले. त्याने क्षणभर विचार करून निकाल दिला: कारासाझ, या संपूर्ण हमरस्त्यावरील सर्वांत शांत वस्ती.

तोलेगेन तिसऱ्यांदा उभे राहिले. हे आकडे खोटे आहेत, असे ते म्हणाले. कुआनिश यांनी नम्रपणे विचारले, की ते मोजले कोणी.

"मीच."

"आगा, परक्यांच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका म्हणालात, आम्ही ऐकलं. आता तुमच्यावरही ठेवायचा नाही म्हणता. मग ठेवायचा कोणावर?"

सभागृहात कोणी हसले नाही, आणि तेच अधिक झोंबले. डांबर दुसऱ्या गावाला गेले. तोलेगेन यांनी तीन दिवस जेवणात लक्ष घातले नाही. राजीनाम्याचा विचार केला, दूरच्या प्रांतात बदलीचा केला, शेवटी व्याही बदलण्याचा सुद्धा केला. पण त्यासाठी मुलाचा घटस्फोट करावा लागला असता, आणि सून गुणी होती. अखेर रौशानने त्यांना अंगरखा चढवला, भेट म्हणून मेंढीच्या पाठीचे मांस कापडात बांधले, आणि म्हणाली, "चला. शब्द तुम्ही उभं राहून दिलात, परत बसून घ्या."

ते वाटभर वाक्ये जुळवत गेले. घरात शिरताच, त्या घरच्या रीतीप्रमाणे, छाती भरून त्यांनी सुरुवात केली: विहीणबाई, मी तुमचा अपराधी आहे.

"ओरडताय कशाला?" आपा म्हणाल्या. "मी बहिरी नाही."

तोलेगेन थांबले. खिडकी उघडी होती. बाहेर हमरस्ता होता, त्यावर ट्रक होते, आणि अंगणात कोंबडी माती उकरत होती तिची नखे ऐकू येत होती. ते खिडकीशी गेले. भिंतीपुढे तिपाई तशीच उभी होती. तिच्या माथ्यावर आपांनी दुधाचा काळा पडलेला कॅन पालथा घातला होता, आणि खाली दगड रचून तिचे पाय पक्के केले होते. एक लांबलचक ट्रक तिच्यापुढून नमस्कार करत असल्यासारखा चालला होता.

"अहो, पण डांबर..." तोलेगेन हळू आवाजात म्हणाले. या घरात हळू कसे बोलतात हे त्यांना ठाऊक नव्हते; शब्द अर्ध्यातच संपला.

"डांबर चार हिवाळ्यांत उखडतं," आपा म्हणाल्या. "लोकांची भीती उखडत नाही. तुम्ही शांत रस्ता देतो म्हणालात, दिलात. बसा, व्याही. गार होतंय."

पुढे ल्युदमिला पेत्रोव्ना यांनी तिपाईची चौकशी केली, तेव्हा तोलेगेन यांनी ती कारासाझ येथे ध्वनिनियंत्रणाच्या कामावर असल्याचे कळवले. ते अक्षरशः सत्य होते. संस्थेच्या भिंतीवर आता तो मोठा रंगीत नकाशा लागला आहे, आणि त्यावर कारासाझ गर्द हिरवे आहे. खोट्या आकड्यांवरून काढलेला सरकारी नकाशा पुढे खरा ठरल्याचे दुसरे उदाहरण आमच्या तरी ऐकिवात नाही.

परवाच्या शुक्रवारी दोघे पुन्हा तिकडे निघाले होते. गाडी आता घरची झाली होती, आणि रौशान पुढच्या आसनावर, वजन न मोजता, बसली होती. पूल ओलांडला, वळण आले, दूर कडेला तीन पायांवर काळा कॅन दिसला, आणि तोलेगेन यांचा पाय आपोआप उचलला गेला. टायरची गर्जना उतरत उतरत विझली.

"अहो," रौशान म्हणाली, "तुमचीच आहे ती."

"माहीत आहे," तोलेगेन म्हणाले, आणि समोरून येणाऱ्या ट्रकला त्यांनी दोनदा दिवे दाखवले.